पलीकडून दिसत होतं

वैनगंगेत कुणी बुडालं की आरमोरीच्या आसपासच्या गावांतले लोक आधी माझं घर विचारत येतात. मी बापूजी, जातीचा ढिवर, मासे धरणारा. पोलिसांचे कागद निघेपर्यंत मी डोहात उतरलेला असतो. आजवर एकेचाळीस माणसं मी पाण्यातून काढली, त्यात बाया होत्या, शाळकरी पोरं होती, एक नवरदेवसुद्धा होता. पाणी कुठून फिरतं, माणूस कुठे अडकतो, किती दिवसांनी वर येतो, हे सगळं मला दिसतं असं मी चारचौघांत सांगायचो. लोक माना डोलवायचे. अशा माना डोलवल्या की माणूस फुगतो, तसा मीही फुगलो होतो.

खरं तर हे काम दोघांचं असतं. एक खाली जातो आणि दुसरा डोंग्यात, म्हणजे छोट्या नावेत, बसून त्याच्या कमरेचा दोर धरतो. खालून एक हिसका आला की दोर सैल करायचा, दोन आले की माणूस सापडला, तीन आले की ओढायचं. खाली डोळ्यांना काही दिसत नाही, बोलता येत नाही, सगळा जीव त्या दोरावर. माझा दोर वीस वर्षं माझ्या धाकट्या भावानं, वारलूनं धरला. आमचा बाप लवकर गेला, वारलूला मीच वाढवलं. माझा श्वास कधी संपत येतो हे त्याला माझ्याआधी कळायचं.

त्याच वारलूला मी घाटावरून हाकललं.

झालं असं की, मेलेल्यांची तोंडं पाहून पाहून वारलूची झोप उडाली होती. तो रात्र रात्र बसून राहायचा, मोहाची प्यायचा, सकाळी त्याचे हात थरथरायचे. त्याची बायको नीलाबाई नदीपलीकडची, ब्रह्मपुरीच्या बाजूची. तिच्या माहेरी चार-पाच घरं येशूची प्रार्थना करायची. ती त्याला तिथे घेऊन गेली. दोन महिन्यांत त्याची दारू सुटली, झोप लागायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र राग आला. ज्याला मी पोसलं त्याला माझ्याकडून जे मिळालं नाही ते दुसऱ्याकडून मिळालं, हा राग होता. तेव्हा मी त्याला धर्माचा राग म्हणत होतो.

गावच्या तलावात वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून जाळं टाकायचा दिवस असतो. पहिल्या जाळ्याआधी नारळ फुटतो, सगळे प्रसाद घेतात. त्या दिवशी वारलू हात जोडून उभा राहिला, पण त्यानं प्रसाद घेतला नाही. ढिवर समितीचा अध्यक्ष मी. सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, "काय सांगते तुया देव?"

तो म्हणाला, "भाऊ, तो मेला आन् तिसऱ्या दिवशी उठला."

मी म्हणालो, "तिसऱ्या दिवशी तं समदेच वर येतेत. एकेचाळीस काढले म्या. त्यातल्या कोनाले देव म्हनू?"

सगळा तलाव हसला. वारलू हसला नाही, रागावलाही नाही. माझ्याकडे नुसता पाहत राहिला, आणि त्यामुळे मी आणखी पेटलो. तिथल्या तिथे ठरवून टाकलं, वारलूनं घाटावर पाय ठेवायचा नाही, गावच्या डोंग्याला हात लावायचा नाही. झिंगू, माझा लहानपणचा मित्र, म्हणाला, "जाऊ दे ना बापूजी, भाऊच हाय तुया." मी ऐकलं नाही. आठवडाभरात वारलू बायकोला घेऊन नदीपलीकडे सासुरवाडीला गेला.

माझा एकुलता एक मुलगा निकेश तेव्हा बावीस वर्षांचा. आयटीआय करून घरी बसला होता, पण नदीवर त्याचा भारी जीव. त्याला पोहायला, जाळं टाकायला वारलूनंच शिकवलं होतं. काका गेल्यावर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. पौष महिन्यात एके सकाळी जाळं घेऊन निघताना म्हणाला, "बाबा, डोहात एकट्यानं जाऊ नये म्हनता ना तुमी? काकाले बलावतो मंग."

मी म्हणालो, "एकटा जाय. पन त्याच्या संगं नोको जाऊ."

आमच्यात डोहात एकटं जायचं नाही हा नियम लहान पोरालाही पाठ असतो. तो मी माझ्या तोंडानं मोडला. हे शेवटचं वाक्य मी माझ्या मुलाशी बोललो.

दुपारी त्याचा डोंगा घाटाच्या खालच्या अंगाला पालथा सापडला. निकेश नव्हता.

मी रडलो नाही. हिशेबाला लागलो, कारण तेच मला येत होतं. डोंगा इथे, धार अशी, म्हणजे पोरगा खाली वाळूच्या उंचवट्यापाशी अडकला असणार. झिंगूनं दोर धरला. मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बुड्या मारल्या. पौषातलं पाणी हाडात शिरतं. वर आलो की गोकुळा, माझी बायको, काठावरून नुसतं पाहायची. ती काही विचारत नव्हती. माझे रिकामे हात तिला दिसत होते.

पलीकडच्या काठावर वारलू आला होता. वरच्या अंगाला, काळ्या दगडापाशी, गुडघाभर पाण्यात उभा राहून तो हात हलवत होता. वारा त्याच्याकडे वाहत होता, आवाज पोचत नव्हता. मी पाठ फिरवली. संध्याकाळी त्यानं एका सायकलवाल्याबरोबर पुलावरून निरोप पाठवला, वर कपारीत पाहा म्हणून. मी त्या माणसाला म्हणालो, "त्याले सांग, बापूजीले पानी शिकवू नोको."

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून पथक आलं, रबरी बोट आली. त्यांनी साहेबी पद्धतीनं मला विचारलं, कुठे शोधायचं. मी खाली बोट दाखवलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दिवसभर गळ फिरवले, काही लागलं नाही. पलीकडे वारलू आता एकटाच बुड्या मारत होता. ना डोंगा, ना दोर. वर यायचा, धाप टाकायचा, पुन्हा जायचा. झिंगू म्हणाला, "बापूजी, तो तिथीच काऊन करून राह्यला? काहीतरी मालूम असन त्याले."

"नाटक करून राह्यला," मी म्हणालो. "गावानं पाहावं म्हून."

आज हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते. पण मी तसंच म्हणालो होतो.

तिसरा दिवस उजाडला. तिसऱ्या दिवशी माणूस वर येतो. मी पहाटेपासून काठावर बसलो. बुडी नाही, गळ नाही, नुसता पाण्याकडे डोळे लावून. एखादं लाकूड वाहत आलं तरी उठून उभा राहायचो. दुपारी एक फुगलेलं काहीतरी दिसलं, मी पाण्यात धावलो, ते मेलेलं कुत्रं निघालं. तेव्हा मला माझाच विनोद आठवला. तिसऱ्या दिवशी तर सगळेच वर येतात. सगळा तलाव हसला होता. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट आला की मी दोन्ही हातांनी कान दाबून धरले.

सूर्य बुडाला, निकेश वर आला नाही.

मी गंगामायला हात जोडले. लहानपणापासून तिचं खाल्लं, तिला मी दोष देत नाही. पण त्या दिवशी हात जोडले तरी आत काहीच नव्हतं. मी कुणाशी बोलतोय हेच कळेना. चाळीस वर्षं मी नारळ फोडत होतो आणि त्यातलं एकही वर्ष मनापासून नव्हतं, हे मला त्या घाटावर कळलं. नारळ फोडणारा अध्यक्ष मी, एवढंच त्यात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दवंडी आली की वरच्या धरणातून संध्याकाळी नदीत पाणी सोडणार. पाणी आलं की डोहातलं सगळं पार खाली वाहून जातं. मग हाडंही हाती लागत नाहीत. पथकाचे लोक दुसऱ्या कामावर गेले होते. मी खालच्या अंगाला जायला डोंगा ढकलला, तेव्हा गोकुळा उठली. चार दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"तुमाले पोरगा पायजे का तुमचं खरं पायजे?"

मी थांबलो.

"तिकडं पाहा," ती म्हणाली. "चार दिस झाले तो मानूस एकाच जागी बोट दाखवून राह्यला. मी बाई मानूस, मले दिसते. तुमालेच दिसत नाई. मले माह्या पोराचं तोंड पाहाचं आहे. हाका मारा त्याले. नाई तं मी इथूनच पान्यात जातो."

ती रडत नव्हती, म्हणून मला भीती वाटली. ती खरंच गेली असती.

मी काठावर उभा राहिलो. वारा पडला होता. भावाचं नाव वर्षभर माझ्या तोंडात आलं नव्हतं. शेवटी ओरडलो, "वारलू, दोर धराले ये."

तो पुलाकडे गेला नाही. तिथूनच पाण्यात उतरला आणि पोहत आला. घाटाशी येऊन मात्र पाण्यातच उभा राहिला. माझी बंदी त्यानं चौथ्या दिवशीही पाळली होती. थंडीनं त्याचे ओठ निळे पडले होते. मी हात दिला, तेव्हा तो वर आला. त्यानं मला एक शब्द लावला नाही. डोंग्यात बसला, दोर हातात घेतला आणि म्हणाला, "भाऊ, काळ्या दगडाखाली कपार हाय. मरळ राह्यते तिथी. म्याच दाखवली होती निकेशले. तो तिथीच जाळं लावाचा. मी पलीकडून पाह्याचो त्याले. काठावरून बुडी मारून कपारीपावतर दम पुरला नाई माहा."

म्हणजे काका-पुतण्या भेटत होते. मधे नदी ठेवून, माझा शब्द मोडू नये म्हणून.

झिंगूनं डोंगा वल्हवत काळ्या दगडापाशी नेला आणि मी उतरलो. डोह तिथे तीन पुरुष खोल आहे. खाली अंधार, आणि त्या अंधारात हात हेच डोळे. दगड लागला, दगडाखाली पोकळी लागली, मग जाळं लागलं. जाळ्यात माशांची हालचाल नव्हती. मी हात आत सरकवला आणि माझ्या बोटांना स्टीलचं कडं लागलं. दहावी पास झाला तेव्हा गडचिरोलीच्या बाजारातून मी आणलं होतं ते.

एकेचाळीस वेळा मी असा हात लावला होता आणि लगेच दोन हिसके दिले होते. या वेळी मी हिसका दिला नाही. मी त्याचा हात धरून तिथेच थांबलो. वर काय होतं? वर गोकुळाचं तोंड होतं, माझं ते शेवटचं वाक्य होतं. खाली माझा मुलगा होता आणि तो एकटा होता, मीच त्याला एकटं पाठवलं होतं. मी कमरेची गाठ चाचपली आणि सोडली. दोर हातातून निसटून वर गेला. छाती फुटायला आली तरी मला बरं वाटत होतं. एवढंच आठवतं की मी तोंड उघडलं.

मग कुणीतरी माझे केस धरले.

शुद्धीवर आलो तेव्हा मी डोंग्यात पालथा होतो आणि पाणी ओकत होतो. झिंगूनं मला धरून ठेवलं होतं. वारलू पुन्हा खाली गेला होता, कमरेला दोर न बांधता, तोंडात सुरी धरून. जाळं कापून त्यानं निकेशला वर आणलं. आधी मला, मग माझ्या मुलाला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

घाटावर गोकुळानं मुलाचं तोंड मांडीवर घेतलं. ते तोंड कसं होतं हे मी सांगणार नाही. ती त्याला पदरानं पुसत राहिली आणि अखेर रडली.

मी वारलूला शिवी दिली. "काऊन आनलं मले वर? कोनं सांगतलं होतं तुले?"

"दोर हलका झाला," तो म्हणाला. "समजलं मले."

"गाठ मीच सोडली होती."

"तुमी सोडली. मी नव्हती सोडली भाऊ."

मला मारावंसं वाटलं त्याला. मी खरंच त्याच्या छातीवर बुक्की मारली, दोन मारल्या. तो उभा राहिला. मी ओरडलो, "तुया देवाले काय मालूम, पोरगा मेला तं बापाचं काय होते ते?"

वारलू हळूच म्हणाला, "मालूम हाय त्याले. त्याचा बी एकुलता एकच होता. त्याच्या डोळ्यासमोर मारला लोकायनं."

हे मला माहीत नव्हतं. माझा भाऊ कशावर विश्वास ठेवतो हे मी गावासमोर विचारलं होतं, पण एक वाक्य ऐकून त्यावर विनोद केला होता. पुढचं ऐकलंच नव्हतं. मुलगा गेलेला देव असू शकतो, असं कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझे हात खाली आले. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि चार दिवसांचं रडू तिथे बाहेर आलं.

निकेशला आम्ही आमच्या रीतीनं अग्नी दिला. वारलूनं तिरडीला खांदा दिला, गावात कुणी हरकत घेतली नाही. रात्रीतून धरणाचं पाणी आलं, डोह धुऊन गेलं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा वारलू बरोबर होता. राखेत हात घातला आणि ते कडं हाती आलं, काळं पडलेलं. मी ते धरून बसलो.

"वारलू," मी विचारलं, "तो तिसरा दिवस खराच हाय का? का तुमी आपलं मनाले समजावता?"

तो पटकन हो म्हणाला असता तर मी उठून गेलो असतो. तो म्हणाला, "कसा झाला ते मले समजत नाई भाऊ. म्या पाह्यलं नाई. पन मेलेल्यायचे तोंडं दिसून मी मरून राह्यलो होतो, आन् तो माह्यासाठी खाली आला, एवढं मालूम हाय. तेवढ्यावरच उभा हाओ मी."

मला कळलं होतं, कारण माझे केस कुणीतरी धरले होते. दोर धरणारा वर बसून राहिला असता तर मी आज राखेत असतो.

त्या आठवड्यात समिती बसली. झिंगूनं वारलूवरची बंदी उठवायचा विषय काढला आणि सगळ्यांनी हात वर केले. मला कुणी दोष दिला नाही. मुलगा गेलेल्या बापाला कोण काय बोलणार? त्यांनी मला बोलायला हवं होतं. मी अध्यक्षपद सोडलं आणि घरी आलो.

रविवारी मी गोकुळाला म्हणालो, "पलीकडं जातो वारलूकडं. प्रार्थनेले." ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "जा. मले नोको म्हनू. माह्यानं आता कोनत्याच देवाकडं पाहवत नाई." मी आग्रह केला नाही. आग्रह करायचा अधिकार माझा नव्हता.

पुलावरून चालत मी पलीकडे गेलो. वारलू रस्त्यावर वाट पाहत होता. त्याच्या अंगणात माणसं जमत होती, पण मी म्हणालो, "आधी काठावर चाल."

आम्ही काळ्या दगडासमोर, तो चार दिवस उभा होता तिथे, जाऊन उभे राहिलो. आमच्या घाटावरून तो दगड म्हणजे नुसता काळा उंचवटा दिसतो. जन्मभर मी त्याला त्याच बाजूनं पाहिलं होतं. इथून मात्र त्याच्या पोटातली फट उघडी दिसत होती आणि फटीच्या तोंडाशी, खडकाच्या दातात अडकलेला, निकेशच्या जाळ्याचा थर्माकोलचा पांढरा तुकडा अजून हलत होता. धरणाचं पाणी येऊन गेलं तरी तो तिथेच होता. पहिल्या दिवसापासून होता. वारलू त्याच्याकडेच बोट दाखवत होता. डोकं वळवून मी या काठावरच्या माणसाचं एकदा ऐकलं असतं, तर गोकुळाला तिच्या मुलाचं तोंड ओळखता आलं असतं.

मी तिथेच चिखलात खाली बसलो. वारलू बाजूला बसला, त्यानं घाई केली नाही. अंगणातून गाण्याचा आवाज यायला लागला.

"मले प्रार्थना येत नाई," मी म्हणालो. "काय म्हनाचं तेबी मालूम नाई. तू म्हन, मी तुया मांगून म्हनतो."

वारलूनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. माझी नजर त्या पांढऱ्या तुकड्यावर होती.

"हे बापा," वारलू म्हणाला.

पहिल्याच शब्दाला मला हुंदका आला. तो थांबला. मी ते कडं मुठीत घट्ट धरलं आणि त्याच्या मागून म्हणालो, "हे बापा."